भाषांतर करणाऱ्याला पत्ता कशाला?

सौरवनं माझ्या धाकट्या बहिणीला, आरोहीला, त्याचं घर सोडून ती गुंजीला राहायला गेली तर तिथं गाठून मारलं, तवा तिचा डावा हात मोडला. मग तिला सदलग्याला मावशीकडं लपवली. तिथंबी पोचला मुडदा! आरोही माळ्यावर चढली म्हणून वाचली, त्यानं मावशीच्याच पोटात लाथ घातली. नवरा म्हणायचं असल्याला! जाताना वरडून गेला, "आता गावलीस की जित्ती सोडत न्हाय." तक्रार दिली, तर हा फरार. आणि पत्ता त्याला कुणी सांगितला म्हणून आम्ही घरात एकमेकांवर संशय घेत बसलेलो. मावशीच कुणापाशी तरी बोलली म्हणून आईनं तिच्याशी बोलणं टाकलं.

मी निपाणीत ऑनलाइन सेंटर चालवते. आरोहीला माझ्याकडं आणली आणि आधी तिचा लॅपटॉप हातात घेतला. त्याच्यावर ती शिकवण्या घ्यायची, म्हणून जाईल तिथं बरोबर न्यायची. इंटरनेटवर माग काढणाऱ्यांना अडवणारं, ब्राउझरला जोडायचं एक एक्स्टेन्शन टाकायला लागले, तर परवानगीची चौकट आली: सगळ्या साइटवरची तुमची माहिती वाचणार आणि बदलणार. आरोहीनं माझा हात झटकला.

"आक्का, नको! तोबी असंच म्हणायचा. सगळं दाखव, काय लपवतीस?" आणि रडायलाच लागली.

राग आला मला, पण तिचा न्हाय, त्याचा. "अगं येडे, पेजमधला चोर हुडकायचा तर पेज वाचायलाच लागतंय, आणि त्याला हाकलायचा तर बदलायलाबी लागतंय. डोळं बांधून राखण कोण करतंय व्हय? कोण काय मागतंय ते बघ, पण त्याच्या कामाला ते लागतंय का, तेबी बघ."

मग आधीपासनं असलेली एक्स्टेन्शनं उघडली. त्यात एक कानडीचं मराठी करणारं. सरकारी साइट कानडीत आणि आमची शाळा मराठीत, त्यामुळं आमच्या सीमाभागात घरोघरी असलं काहीतरी असतंयच. म्हणूनच कुणाची नजर गेली न्हाय. पेज वाचायची परवानगी त्याला होती, ती लागणारच. पण खाली आणखी एक होती, ठिकाण बघायची.

"भाषांतर करायला तू कुठं बसलीस ते कशाला पायजे गं? टाकलं कुणी हे?"

"सौरवनं. तुझ्यासाठी बनवलंय म्हणाला. लई कौतुक वाटलंतं मला, आक्का."

ते काढायला मी बोट पुढं केलं, तर आरोहीनं मनगट धरलं. "राहू दे. पोलिसांना तो गावत न्हाय न्हवं? मला गावंल."

आमच्या गल्लीत शालूबाईच्या घरी बायका बिड्या वळायला बसतात. त्यांना सगळं सांगितलं. आरोही त्यांच्यात लॅपटॉप चालू ठेवून बसली, शेजारी मी. पोलिसांना कळवलं, ते म्हणाले, आला की फोन करा.

दुसऱ्या दिवशी दुपारी आला. हातात कोयता. "आरोही!" म्हणून वरडत आत घुसला तशी मी फोन लावला आणि शालूबाईनं मागनं कडी घातली. त्यानं वळून घाव घातला, तिचा खांदा फाटला. मग काय थांबतात व्हय बायका! कुणी केस धरले, कुणी मूठभर तंबाखू डोळ्यात मारली, कुणी कोयता हिसकला. बोंबलत खाली पडला.

आरोही उठली. बसायचा पाट उचलून तिनं त्याच्या गुडघ्यावर घातला, मग पाठीवर, मग कुठंबी. "पाया पडतो, सोड," म्हणत होता. ती रडत होती आणि हाणत होती.

पोलीस दार बडवायला लागले. मी कडी काढायला गेले, आणि मुद्दाम सावकाश काढली.