डाव्या समासातली रेघ

मी एक जुना प्रिंटर आहे. मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही नाक मुरडाल. माझा पांढरा रंग दातांसारखा पिवळा पडला आहे, कागदाचा ट्रे सुतळीने बांधलेला आहे, आणि सध्या मी जिन्याखाली पडून आहे. माझ्या डोक्यावर लोक ओल्या छत्र्या ठेवतात. ठेवा. मला तुमची दया नको. मला फक्त बोलायचं आहे, आणि ते गोड असणार नाही.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी एका विमा कचेरीत गेलो. आठ वर्षं मी लोकांच्या मरणाचे आणि अपघातांचे अर्ज छापले. कागद अडकला की जो तो माझ्या कुशीत थपडा मारायचा. चूक नेहमी कागद वाकडा घालणाऱ्याची असे, मार मात्र मला. शेवटी कचेरीने नवी यंत्रं घेतली आणि आम्हा जुन्यांना मागच्या दारी उभं केलं. तिथून मला कादंबरीवाल्या बाई घेऊन आल्या.

बाई एका शाळेच्या कार्यालयात कारकून होत्या. पहाटे उठून कादंबऱ्या लिहायच्या. एका प्रकाशकाने त्यांची कादंबरी स्वीकारली होती, पण शेवट बदलला होता. बाईंची नायिका घर सोडून जाते; त्याने तिला परत आणून चुलीपुढे बसवलं. बाई जाब विचारायला गेल्या तेव्हा तो म्हणाला, "बाई, वाचकांना शेवट गोड लागतो."

"मग त्यांना साखर विका," असं म्हणून बाईंनी टेबलावरचं बाड उचललं आणि चालू पडल्या. दुसऱ्याच आठवड्यात मी त्यांच्या घरी होतो.

त्यांचे यजमान निवृत्त मोजणीदार. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आता पट्टी घेऊन माझे समास मोजायचे. मी पानं छापायची, त्यांनी ती दाभणाने शिवायची, बाईंनी पुठ्ठे चिकटवायचे. एका वेळी पन्नास प्रती. नातेवाईक हसले. मोजणीदारांचे चुलतभाऊ नगरसेवक होते. ते तर भर लग्नात म्हणाले, "घरी छापलेलं पुस्तक म्हणजे घरी शिवलेला बूट. घालायचा कुणी?" पण लोक वाचू लागले. चौथ्या कादंबरीपर्यंत माझी पानं दूरदूरच्या वाचनालयांत गेली होती.

रविवारी सकाळी नवे लेखक सल्ला विचारायला यायचे. बाईंची जीभ म्हणजे कात्री. सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सचं पहिलं प्रकरण वाचून त्या म्हणाल्या, "यात तुम्ही कुठेच नाही. सगळ्या शेजारणी आहेत." नर्स रडत गेली आणि पुढच्या रविवारी नवं प्रकरण घेऊन आली. प्रत्येकाला बाई एक पान द्यायच्या. ते मीच छापायचो. 'पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. करार दोनदा वाचा, दुसऱ्यांदा उभं राहून वाचा. प्रकाशकाला शिव्या देण्याआधी स्वतःचं दुसरं प्रकरण फाडून बघा. आणि स्वतःच्या नावानिशी उभं राहायची तयारी नसेल, तर एक ओळही छापू नका.'

आता माझ्या दुखण्याचं सांगतो. बाई कागदाच्या बाबतीत चिक्कू होत्या. जुन्या खर्ड्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर छापायच्या. एकदा त्यांनी घातलेल्या एका पानात टाचणपिन राहिली. ती माझ्या पोटात गेली आणि आतल्या ड्रमवर ओरखडा उठला. तेव्हापासून मी छापलेल्या प्रत्येक पानावर डाव्या समासात केसासारखी करडी रेघ उमटू लागली. दुरुस्तीवाला म्हणाला, "ड्रम बदला." बाई म्हणाल्या, "अक्षरं दिसतात ना? मग राहू दे." मला राग आला. पण मला विचारतो कोण!

आमच्या वस्तीतून एक कालवा जातो. त्यावरून पलीकडच्या शाळेत जायला पायी चालण्याचा एक पूल होता. बाईंची भाची नगरपालिकेत पुलांच्या विभागात इंजिनिअर होती. एका दुपारी ती आली, चपलाही न काढता खुर्चीत बसली आणि पिशवीतून एक कागद काढला.

"मावशी, हा माझा अहवाल. पाच महिने झाले, साहेबांच्या खणात पडून आहे. तिसऱ्या खांबाला भेग आहे."

"मग पूल बंद का नाही करत?"

"पलीकडच्या दुकानदारांना नकोय. आणि नगरसेवकांना दुकानदार हवे आहेत. मी वरच्या साहेबांना भेटणार आहे सोमवारी. तू नुसतं वाच, मला धीर दे. कुणाला दाखवू नकोस हं."

"नाही दाखवणार," बाई म्हणाल्या. मी तिथेच होतो. मी ऐकलं.

ती गेली. बाई खिडकीत उभ्या राहिल्या. शाळा सुटली होती, पोरं पुलावरून उड्या मारत येत होती. बाईंनी ती मोजली. दोनशेच्या पुढे गेल्यावर मोजणं सोडलं आणि माझं बटण दाबलं. वस्तीत वाटायच्या त्या पत्रकावर बाईंनी कुणाचंही नाव घातलं नाही. अहवालातलं वाक्य मात्र जसंच्या तसं उतरवलं: 'तिसऱ्या खांबाच्या माथ्याशी आडवी भेग, रुंदी नऊ मिलिमीटर, वापर तात्काळ थांबवावा.' मी तीनशे प्रती छापल्या. दुसऱ्या दिवशी नवरा-बायकोने त्या घरोघरच्या पत्रपेट्यांत टाकल्या.

तिसऱ्या दिवशी नगरसेवक दारात. एका हातात पत्रक, दुसऱ्या हातात बाईंची कादंबरी. दोन्ही त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

"वहिनी, ही रेघ बघा. आणि ही रेघ बघा. एकाच आईची लेकरं वाटतात."

मोजणीदार म्हणाले, "तू चहा घेणार का?"

"दादा, तू मध्ये पडू नकोस. वहिनी, पुस्तकं खपत नाहीत म्हणून लोकांना घाबरवता? की कागद घरातूनच आला? तुमची भाची कुठे काम करते हे मला ठाऊक नाही असं वाटतं?"

"पत्रक माझं आहे," बाई म्हणाल्या. "तिचा संबंध नाही."

"ते तिचे साहेब ठरवतील."

ते गेले. मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा मला वाटलं की आपण छापता येऊ नये इतके मोडलेले असायला हवे होतो.

संध्याकाळी भाची आली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"सोमवारपर्यंत थांबली असतीस तर?"

"सोमवारपर्यंत पोरं त्याच पुलावरून जाणार होती."

"मग मला सांगायचंस. मी नाव घालून तुझ्याबरोबर उभी राहिले असते. नाहीतर निदान एखादा शब्द तरी बदलायचास. माझं वाक्य जसंच्या तसं उतरवलंस. ऑफिसात सगळ्यांनी ओळखलं." ती दाराशी थांबली. "त्या प्रकाशकाने तुझा शेवट तुला न विचारता बदलला, तर तू जगभर सांगत फिरलीस. तू मला काय विचारलंस?"

ती दार ओढून निघून गेली. रविवारी नर्सने ते सल्ल्याचं पान त्यांच्यापुढे ठेवलं आणि शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं. "बाई, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

मग मोजणीदार उठले. त्यांनी जुनी फीत काढली, नर्सला शिडी धरायला लावली आणि सगळ्यांच्या देखत खांबाला शिडी लावून भेग स्वतः मोजली. आता ती अकरा मिलिमीटर होती. त्या दुपारी मी नवं पत्रक छापलं. खाली नवरा-बायको दोघांची नावं, पत्ता, सह्या. ते घेऊन बाई पुलाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. एका दुकानदाराने पत्रक त्यांच्यासमोर फाडलं. एकाने अंगावर फडक्याचं पाणी पिळलं. शेजारच्या आजींनी बाईंच्या दोन कादंबऱ्या कचऱ्यासारख्या दाराशी आणून टाकल्या. बाई रोज गेल्या. चौथ्या दिवशी शाळेने मुलांना लांबच्या रस्त्याने पाठवायला सुरुवात केली, आणि मग पालिकेला पूल बंद करावाच लागला.

पूल उतरवताना तिसऱ्या खांबाचा माथा कामगारांच्या हातात भाकरीसारखा तुटून आला. नगरसेवकांनी नव्या पुलाच्या उद्घाटनाला भाषण केलं. त्यात त्यांची दूरदृष्टी होती, आमचं कुणाचं नाव नव्हतं. दुकानदार अजून बाईंकडे पाठ फिरवतात.

भाचीला गोपनीयता मोडल्याचं पत्र मिळालं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला पाण्याचे मीटर तपासायच्या कामावर पाठवलं. खरं तर वरच्या साहेबांपर्यंत नियमाने जायला ती एकटीच निघाली होती. बाईंनी तिला माफीचं पत्र लिहिलं, सात वेळा खोडून सात वेळा छापलं. मी प्रत्येक वेळी शक्य तितकं स्वच्छ छापायचा प्रयत्न केला. सातवं पत्र टपालाने गेलं आणि न उघडता परत आलं. त्या दिवशी बाईंनी मला जिन्याखाली आणून ठेवलं. मी बिघडलो नव्हतो. त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं.

मित्रांनो, शेवटी जुन्या वस्तूने हात जोडायची रीत आहे. मी जोडणार नाही. मला पुसा नाहीतर भंगारात द्या, माझं काही अडत नाही. पण उद्या कुणी विश्वासाने तुमच्या हातात एखादा खरा कागद ठेवला, आणि तो जगाला दाखवण्यावाचून गत्यंतर उरलं नाही, तर आधी छापायला धावू नका. देणाऱ्याच्या दारात जा. तोंडावर सांगा, "मी हे करणार आहे." तो भांडेल, रडेल, दार आपटेल. आपटू द्या. पूल पाच महिने उभा होता. आणखी एक संध्याकाळ उभा राहिला असता.