पाकळी पडायच्या आधी

तेजू, मधी बोलू नको, नुसतं ऐक. चहा थंड झाला तर दुसरा सांगू.

शनिवारी उद्यमबागेतनं फोन आलता, त्या फाउंड्रीतनं, जिथं मी इंटरव्ह्यू दिलता. साहेब म्हणाले, पूर्णिमा, दोन जागा हायत. एक ऑफिसात कॉम्प्युटरवर, एक खाली लोखंडाचे पार्ट कापायच्या सीएनसी मशीनवर. मशीनवर आमच्याकडं अजून एकबी पोरगी न्हाय, तुमचं मार्क बघून विचारतोय. सोमवारी अकरापर्यंत सांगा, न्हायतर मशीनची जागा दुसऱ्याला देतो.

आता आयटीआयला दोन वर्षं मी लेथवर हात काळं केलं ते काय ऑफिसात बसायला? पण दोन दिवस मी केलं काय, तर वहीच्या मागच्या पानावर लिहीत बसले. सेकंड शिफ्ट सुटली नि आमच्या बेळगुंदीची शेवटची बस गेली तर. सुपरवायझर कन्नडात वरडला नि मला कळलंच न्हाय तर. पार्ट वाकडा कापला तर. सगळी गडी माणसं, हसली तर. आप्पा न्हाय म्हणाले तर. नंबर घालून सतरा झाले गं. ताटावर बसले की घास गिळंना.

सोमवारी सकाळी आईनं ते पान वाचलं. म्हणाली, "ऊठ, रवळनाथाला कौल लावू."

तू शहरातली, शहापूरची, तुला म्हायती नसंल. आमच्या गावात कायबी अडलं की देवळात जातात. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली पाकळी चिकटवतो नि आपल्या वतीनं गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर व्हय, डावी पडली तर न्हाय.

मष्णूमामा गुरव पाकळ्या भिजवून तयार. म्हणाला, "बोल बाय, काय विचारू?"

मी पान काढलं नि वाचायला लागले. पाचव्या नंबरापर्यंत ऐकलं त्यानं.

"थांब, थांब. पाकळ्या दोनच हायत. देवानं काय तुझा पेपर सोडवायचा?"

मागं गुणाबाई बसलेली. ती म्हणाली, "माझं म्हशीचं एकच हाय, मला घे आधी."

मामा तिच्याकडं बघेना. मला म्हणाला, "तू वाचलंस ते सगळं तुला नको असलेलं हाय. ते मी देवापुढं कसं मांडू? मला म्हणाय लागतं, पोरीला हे पायजे, देतोस काय. तुला पायजे काय?"

तेजू, मी पान वरपासनं खालपर्यंत बघितलं. सतरा ओळी लिहिल्या, त्यात ही एक ओळ कुठंच नव्हती.

मग म्हटलं, "मला मशीन चालवायचंय."

एवढं मोठ्यानं म्हटलं की आई दचकली. आणि खरं सांगते, मला भूक लागली. देवापुढं हात जोडून उभी नि डोळ्यापुढं भाकरी.

मामानं पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. आम्ही बघत बसलो. पाकळ्या हलंनात. मामा म्हणाला, कधी कधी अर्धा तास लागतोय. मी मोबाईल बघितला, अकराला दहा कमी.

उठले, बाहेर आले, फोन लावला. "सर, मी मशीनवर येते." नि त्याच दमात विचारलं, शिफ्ट सुटल्यावर बस मिळाली न्हाय तर? ते म्हणाले, कंपनीचा टेम्पो हाय की, तुमच्या गावचे तिघं त्यातनंच जातात. सुपरवायझर? भरमूअण्णा, मराठीच बोलतात. एका मिनटात दोन नंबर खोडले. दोन दिवस मी हे कुणाला विचारलंच नव्हतं गं.

आई दारात आली. "पाकळी अजून तिथंच हाय."

"मी व्हय म्हणून टाकलं, आई."

ती मग म्हणाली, "आप्पाला मी सांगते. तू सांगायला गेलीस तर पान वाचून दाखवशील."

आतनं मामा विचारतोय, थांबताय काय? गुणाबाई म्हणाली, "कशाला थांबत्यात? तिनं सांगून टाकलंय. काढ त्या पाकळ्या, माझी म्हस खोळंबलीया." आम्ही निघालो. आई वळून वळून बघत होती, मी न्हाय.

आप्पा दोन दिवस बोलले न्हाईत. तिसऱ्या दिवशी बूट घेऊन आले, पुढं लोखंड असतंय ते. एक नंबर मोठेच आणलेत. पायमोजे दोन घालून जाते.

उजवी पडली असती की डावी, मला अजून म्हायती न्हाय. आई म्हणती, थांबायला पायजे होतं. तू सांग, अकराला दहा कमी असताना तू काय केलं असतंस?