एका हाताची सोय

मुलाने खोक्यातून नवा फोन काढला तेव्हा हॅलोमावशींना वाटलं, पाटीच आणली.

"या वयात पुन्हा पहिलीत घालतोस की काय मला?" त्यांनी विचारलं.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर 'हॅलो' म्हणण्याची नोकरी केली, म्हणून त्यांना हे नाव पडलं होतं. खरं नाव आता पेन्शनच्या कागदांपुरतं उरलं होतं.

मुलगा हसला नाही. तो विक्रीखात्यात साहेब होता आणि हसणं गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवायचा. पडदा मोठा, अक्षरं मोठी, म्हातारपणी सोय, असं सगळं त्याने समजावलं. जुना फोन उद्या दुकानात द्यायचा, म्हणजे नव्यावर सूट मिळणार होती.

मावशींची अडचण वेगळीच होती. त्यांचा उजवा हात गुडघे दुखू लागल्यापासून काठीने बळकावला होता. उरलेल्या डाव्या हाताच्या मुठीत तो जुना फोन अलगद मावायचा. रोज सकाळी फाटकापर्यंत चालता चालता त्या अंगठ्याने बहिणीला फोन लावत आणि अंगठ्यानेच बंद करत. ही पाटी धरायची तर काठी सोडावी लागणार, आणि काठी सोडली की मावशी आडव्या.

एके काळी काळ्या फोनचा रिसीव्हर मान आणि खांद्यामध्ये दाबून त्यांनी याच साहेबांना आंघोळ घातली होती. दोन्ही हात मोकळे असत, एक साबणाला आणि एक कान धरायला.

घरात मोठा फोन सुखाचा होता असंही नाही. सुनेने आपल्या फोनला मागून कडी चिकटवली होती, वर गळ्यात दोरी. तरी परवा झोपून बघताना तो नाकावर आपटलाच. ऑफिसात तिने कपाटाचं दार लागलं म्हणून सांगितलं.

मावशींनी नवा फोन डाव्या हातात घेऊन पाहिला. अंगठा निम्म्यातच थकला.

"त्यावरही उपाय आहे, आई," मुलगा म्हणाला. त्याने बोट फिरवलं तसं सगळं चित्र आक्रसून खालच्या कोपऱ्यात जाऊन बसलं. बाकी पडदा काळाठिक्कर. "एका हाताने वापरायची सोय."

मावशींनी कनवटीचा जुना फोन काढून त्या चित्रावर ठेवला. डब्यावर झाकण बसावं तसा बसला.

"म्हणजे मोठा घ्यायचा आणि लहान करून वापरायचा?"

"गरजेपुरता लहान."

"मग मी गरजेपुरताच ठेवते. उरलेलं काळं तू वापर."

सून फिसकन हसली आणि नाक दुखलं म्हणून गप्प झाली. मुलाला ते झोंबलं. ती सोय बंद करून, यात काहीच अवघड नाही हे दाखवायला त्याने फोन एका हातात धरला आणि अंगठा वरच्या कोपऱ्याकडे ताणला. फोन निसटला तो थेट पायाच्या अंगठ्यावर. साहेब मट्कन खाली बसले. त्यांचं कण्हणं संपायच्या आत मावशींनी डाव्या अंगठ्याने डॉक्टरांना फोन लावलाही होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाणं झालं नाही. पाटी स्वयंपाकघरात डब्याला टेकून उभी राहिली आणि सून तिच्यावर मालिका बघत कांदा चिरू लागली.

दुपारी मुलगा भिंत धरत मावशींच्या खोलीशी आला.

"आई, जरा काठी देतेस?"

"घे की," मावशी म्हणाल्या. "पण मग हात एकच उरेल हं तुला. आणि एका हाताचा फोन या घरात एकच आहे, तो मी देणार नाही."