अंतराची जागा

मलेशियातल्या एका विद्यापीठात एक सत्र शिकायला पाठवण्यासाठी कॉलेजकडे एकच जागा होती आणि यादीत पहिलं नाव अंतराचं होतं. आदेशचं दुसरं. दोघंही सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. अंतरा पेणची, तिचे वडील महादेव सर रोह्याच्या शाळेतून निवृत्त झालेले. आदेश गडबचा, घरी भातशेती. दुसरा नंबर म्हणजे यंदाही लावणीला घरीच, हे आदेशने मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

जूनअखेरीस महादेव सरांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. चौथ्या दिवशी अंतराने हॉस्पिटलच्या जिन्यातून आदेशला फोन केला.

"मी नाव मागे घेतलंय. पासपोर्ट आहे ना तुझा?"

"हाय. पण अंतरा, असं कसं..."

"आईला एकटीला बाबांना उचलता येत नाही. तू जा. आणि नीट शिकून ये."

आदेश गेला खरा, पण पहिले पंधरा दिवस वर्गात बसलं की त्याला वाटायचं, आपण दुसऱ्याच्या पाटावर जेवायला बसलोय. त्यात इंग्रजी. शिकवणं सगळं इंग्रजीतच आणि डॉ. लिम बाईंचा वेग असा, की एक वाक्य कळेपर्यंत पुढची तीन निघून जात. शेजारचा व्हिएतनामी मुलगा भराभर लिहून घेई; हा नुसता फळ्याकडे बघत राही. वडिलांचा, महिपतींचा, फोन आला की ते एवढंच विचारत, "भात मिळतो ना रे तिथं?"

"तिन्ही टायमाला मिळतो," तो सांगे. बाकीचं सांगत नसे.

तिसऱ्या आठवड्यात अंतराचा मेसेज आला. "बाबा दुपारी झोपतात. तेवढा वेळ मी मोकळी असते. आज काय शिकवलं ते सांग. सगळं सांग."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. कॅन्टीनमागच्या कट्ट्यावर बसून त्याने वही उघडली आणि जे कळलं होतं ते मराठीत बोलून, रेकॉर्ड करून पाठवलं. चार मिनिटांत संपलं. तासाभरात तिचे सात प्रश्न आले. एकाचंही उत्तर त्याला येत नव्हतं. तो लायब्ररीत गेला, पुस्तक काढलं, त्या व्हिएतनामी मुलाला गाठलं आणि संध्याकाळी उत्तरं पाठवली. दुसऱ्या दिवशी परत तेच. अंतराला सांगायचंय म्हणून तो वर्गात जिवाचे कान करून ऐकायला लागला. महिनाभरात रेकॉर्डिंग पंचवीस मिनिटांवर गेलं.

पुस्तकात जे सापडत नसे ते तो वर्गात विचारी. विषय नद्यांच्या पुराचा होता. एकदा अंतराने विचारलं, "नागोठण्याला अंबा नदी नुसत्या पावसाने चढत नाही. खाडीला उधाण असलं की पाण्याला उतरायला जागाच राहत नाही. ह्या गणितात उधाण कुठे धरलंय?" आदेशने दुसऱ्या दिवशी हात वर करून तेच तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारलं. डॉ. लिम लिहिता लिहिता थांबल्या. "धरलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि उरलेला तास त्यावरच बोलल्या.

तेव्हापासून बाई त्याला नावाने हाक मारून विचारू लागल्या, "आदेश, आज काय प्रश्न?" मुलं त्याच्या गटात यायला धडपडू लागली. त्याला बरं वाटायचं, खोटं कशाला बोला. पण नोव्हेंबरात बाईंनी जाहीर केलं, की सत्राचं शेवटचं सादरीकरण आदेशच्या प्रश्नावर होईल आणि तोच ते करील. त्या दुपारी त्याने अर्धं ताट तसंच ठेवलं. तो उठून बाईंच्या खोलीत गेला.

"मॅडम, प्रश्न माझे नाहीत. तिकडे माझ्या वर्गात अंतरा म्हणून मुलगी आहे, तिचे आहेत. ही जागासुद्धा तिचीच होती." आणि त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं.

बाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "उत्तरं कोण शोधत होतं?"

"मी."

"मग दोघांनी मिळून सादर करा. तिच्याकडे इंटरनेट आहे ना?"

सादरीकरणाच्या दिवशी वर्गातल्या पडद्यावर पेणचं घर दिसलं. पुढे अंतरा, मागे पलंगावर उशीला टेकलेले महादेव सर, दाराशी तिची आई, मालतीकाकू. आदेशने नकाशा दाखवला, आकडे सांगितले आणि म्हणाला, "पुढचं अंतरा सांगेल." ती बारा मिनिटं बोलली. मध्येच तिकडे कुकरची शिट्टी झाली. वर्ग हसला, तीही हसली आणि धागा न सोडता पुढे बोलत राहिली. सगळ्यांत जास्त टाळ्या व्हिएतनामी मुलाने वाजवल्या.

डिसेंबरात आदेश परतला. दुसऱ्याच दिवशी महिपती त्याला घेऊन पेणला निघाले, सोबत नव्या तांदळाची पिशवी. एसटीत आदेश आभाराची वाक्यं मनात जुळवत होता. दारात अंतरा दिसली आणि त्यातलं एकही आठवेना.

"तुझ्यामुळं..." एवढंच म्हणून तो थांबला.

"गप रे," ती म्हणाली. "बाबांची औषधं, डॉक्टर, रात्रीची जागरणं, ह्या सगळ्यात दुपारचं ते एक माझं होतं. मी त्याची किती वाट बघायचे ते तुला नाही कळायचं. आभार मी मानायचे, तर तूच दारात!"

आतून महादेव सर काठी टेकत आले. शब्द जुळायला वेळ लागला. सगळे थांबले.

"लिमबाईंचं... पत्र आलंय. पुढच्या वर्षी... हिला बोलावलंय. मी... पाठवणार."

"पाठवा, सर," महिपती म्हणाले. "धरायला, फिरवायला आमचा आदेश हाय ना. गडब काय लांब नाय." मग अंतराकडे वळून म्हणाले, "तू काय काळजी करू नको गो."

पदर नव्हता, ओढणीनेच अंतराने डोळे टिपले.

आदेश सरांजवळ गेला. "सर, रोजचे व्यायाम कोणते असतात? मला आजच दाखवा."

सरांनी काठी भिंतीला लावली, डावा हात त्याच्या खांद्यावर टाकला आणि दोघं सावकाश अंगणाकडे निघाले.