शून्य ते दहा

मिस्त्रीच्या उजव्या पायाचा अंगठा गेल्या वर्षी कापावा लागला, तेव्हा शहरातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "साखर पाय पोखरते. साधी चप्पल बंद. मऊ अस्तराचे बूट घाला." ते बूट आता सरकारी योजनेत गावातच फुकट मिळणार होते, पण आरोग्यसेविकेच्या पाच प्रश्नांत ज्याच्या त्रासाच्या गुणांची बेरीज चाळिसाच्या वर जाईल त्यालाच. बायकोने आठवडाभर मिस्त्रीची तालीम घेतली होती. "विचारतील ते खरं सांगा. मर्दुमकी नंतर दाखवा."

नेमके सेविका येणार त्याच सकाळी मास्तर आले. त्यांचं नवं घर उभं राहत होतं. अकरा दारं, सोळा खिडक्या. मिस्त्रीला वर्षभर पुरेल एवढं काम. मास्तर मिस्त्रीच्या कामाच्या छपराखाली स्टुलावर बसून लाकडाचा नमुना न्याहाळत होते, तोच आरोग्यसेविका आली आणि टॅब उघडून फळ्यांच्या थप्पीवर टेकली.

"काका, शून्य म्हणजे त्रास नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. हातापायांना बधिरपणा?"

मास्तरांचे डोळे नमुन्यावर होते, कान मात्र इकडे. बधिर बोटांच्या सुताराला दारं कोण देईल?

"शून्य," मिस्त्री म्हणाला.

दारात उभ्या बायकोने कपाळाला हात लावला.

"नजर अंधूक होते?"

"शून्य. केसाएवढी फट दिसते मला."

"झोप?"

"पडलो की घोरतो. शून्य."

"संसारातलं सुख?"

"ते हिला विचारा."

मास्तर खुदकन हसले. बायको म्हणाली, "लिहा शून्य. साहेबांना कसलाच त्रास नाही. सगळा मलाच आहे."

"शेवटचा प्रश्न. चालताना तोल जातो?"

"तोल? हे बघा!" मिस्त्री उठला. मान ताठ ठेवून, भुशातून या खांबापासून त्या खांबापर्यंत त्याने दोन फेऱ्या मारल्या. "विशीतला तरी चालेल का असा? शून्य घाला."

सेविकेने बोट टेकवलं. मग तिची नजर खाली गेली. पांढऱ्या भुशावर प्रत्येक उजव्या पावलाचा लाल ठसा उमटला होता.

"रंग सांडलाय कुठेतरी," मिस्त्री म्हणाला.

मास्तरांनी नमुना हलकेच फळीवर ठेवला. आजाऱ्याच्या खोलीतून निघावं तसे ते उठले. "दारांची काही घाई नाही हो. बघू सावकाश. तब्येत सांभाळा."

ते वळणाआड गेल्यावर मिस्त्री म्हणाला, "ताई, मघाचं सगळं पुसा. आता खरं सांगतो."

"शेवटचं उत्तर टाकलं की लगेच वर ऑफिसात जातं ते, काका. मला दिसतंय हो सगळं. पण हे यंत्र माझं ऐकत नाही. बुटांसाठी नाव आता पुढच्या वर्षीच घेता येईल." तिने पिशवीतून कापूस काढून दिला. "आजच्या आज शहर गाठा. जखम खोल असेल."

बायको भुशात बसली. तिने नवऱ्याचा पाय मांडीवर घेतला. चप्पल भेदून एक स्क्रू तळव्यात अर्धा इंच रुतला होता. तिने पक्कड लावली आणि पिळून पिळून तो बाहेर ओढला. मिस्त्री फळीवरच्या नमुन्याकडे बघत होता.

"दुखलं?" तिने विचारलं. "सांगा की. शून्य ते दहा."

"काढलास?" मिस्त्रीने विचारलं. आणि मग म्हणाला, "शून्य."