मागच्या सीटवर सासूबाई

माझा नवरा ओरेस्त गाडीच्या पुढच्या दोनच चाकांना बर्फावर पकड घेणारे हिवाळी टायर घालून आला, तेव्हाच मी कपाळाला हात लावला. दुकानदार लुबोमीरने त्याला बजावलं होतं, चार घाल, नाहीतर एकही नको. पण आमच्याकडे शहाणपण उतू चाललेलं.

"इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, ब्रेकचा भार पुढे," तो म्हणाला. "मागची चाकं काय, नुसती मागून येतात."

"मीही पस्तीस वर्षं मागूनच येतेय," मी म्हटलं. "एकदा माझा पाय घसरू दे, मग कळेल."

जुन्या पंचांगाप्रमाणे आमचा नाताळ सात जानेवारीला. त्या सकाळी सासूबाईंना डॉफिन गावातल्या वृद्धाश्रमात न्यायचं होतं. तिथे त्यांची थोरली बहीण तेक्ला असते, ब्याण्णव वर्षांची. दरवर्षी आम्ही सगळे मनातल्या मनात म्हणतो, हा दोघींचा शेवटचा नाताळ. सासूबाई मांडीवर बोर्श्तचं, म्हणजे बीटाच्या सूपचं, पातेलं घेऊन मागे बसल्या.

धान्याच्या कोठाराजवळच्या वळणावर ओरेस्तने वेग कमी केला. पुढची चाकं रस्ता धरून राहिली आणि मागची निघाली फिरायला. अख्खी गाडी गर्रकन फिरली आणि मागच्या बाजूने चरातल्या बर्फात जाऊन रुतली. वळून बघायची माझी हिंमत होईना. सासूबाई धडधाकट होत्या, पण हनुवटीपासून बुटांपर्यंत लालेलाल. ओरेस्त पांढराफटक पडला. ते बीट आहे हे कळायला त्याला बराच वेळ लागला.

मग वाचा फुटली. "पण पुढची जराही घसरली नाहीत, बघितलंस ना?" पडलो तरी नाक वर म्हणतात ते हेच.

"ओरेस्त," सासूबाई म्हणाल्या, "चांगले टायर तुझ्याखाली, आणि टकले आईखाली?"



एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. सासूबाईंनी किल्ली माझ्या हातात दिली, स्वतः पुढे बसल्या आणि लेकाला रिकामं पातेलं देऊन मागे धाडलं. मी मुंगीच्या पावलांनी निघाले, तरी मागची बाजू मधूनच डुलायची आणि पातेलं खडखडायचं.

"हळू घे ना," ओरेस्त कळवळला. "मागे काय होतंय ते तुम्हाला पुढे बसून कळत नाही."

"मग सकाळी मी पुढे बसले होते का रे?" सासूबाई म्हणाल्या.

गावात शिरल्यावर त्यांनी नाताळालाही उघड्या असलेल्या लुबोमीरच्या टायरच्या दुकानाकडे बोट दाखवलं.

"आई, मावशी वाट बघत असेल. आधी भेटून तर घे."

"तिला फोन कर. तासभर उशीर होईल म्हणावं." सासूबाईंनी कोटावरचं बीट निपटलं. "मला नुसतं आज पोचायचं नाहीये. पुढच्या नाताळालाही पोचायचंय."

मी दुकानासमोर गाडी थांबवली.  लुबोमीर बाहेर यायच्या आधीच ओरेस्त खाली उतरून मागच्या चाकाचे नट सोडवायला लागला होता.