गुरुवारची भांडी

बाई गेल्या त्याच्या चौदाव्या दिवशी कोंडीने त्या घरातली भांडी पहिल्यांदा घासली.

घासणी कुठे ठेवतात तेही तिला ठाऊक नव्हतं. सिंकखालचं दार उघडून पाहिलं, ओट्यावरचा डबा हलवून पाहिला. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली अबोली म्हणाली, "तिकडे नाही मावशी, नळाच्या मागे. अहो, वर्ष होत आलं ना तुम्हाला इथे?"

"ध्यानात नाय राह्यलं, ताई," कोंडी म्हणाली आणि तिने पदर खोचला.

अबोली ही बाईंची एकुलती एक मुलगी, बंगळूरला नोकरीला. काल आईचं तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गाड्यांनी गेले, आणि मागे राहिली खरकट्या भांड्यांची रास आणि ही एकटी. मागच्या दारात कोंडीला पाहून तिला हायसं वाटलं होतं. "बरं झालं आलात. शेजारच्या इंदूबाई म्हणाल्याच होत्या, आईची भांडेवाली गुरुवारची येते. आठवड्यातून एकदाच येते, पण आपटते सात दिवसांचं!"

कोंडी भांडी घासायला आलीच नव्हती. गुरुवार होता, चार वाजायला पाऊण तास होता, म्हणून आली होती. चार वाजता बाईंच्या फोनवर पुण्याच्या रोहिणीताईंचा व्हिडिओ कॉल यायचा. त्या कॉलच्या आणि बाईंच्या आधाराने कोंडीने मोहाच्या दारूशिवाय तीनशेवर दिवस काढले होते. आता बाई नव्हत्या. मागचा गुरुवार हुकला होता. येत्या मंगळवारी होळी होती, आणि होळीला वाडीत कोण पीत नाही ते शोधून काढावं लागतं. तेवढा कॉल तिला हवा होता. पण का हवा ते अबोलीला सांगायचं, तर आणखी एक गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती कोणाजवळ बोलणार नाही असा शब्द तिने बाईंना दिला होता. बाईही प्यायच्या.

मागच्या होळीला कोंडी इतकी प्यायली होती, की मांडीवरची नात उतरून निखाऱ्यांकडे रांगत गेली तेही तिला कळलं नाही. पोरीचं पाऊल भाजलं. पोर वाचली, पण कोंडीची लेक सुनिता त्या दिवसापासून पोरीला आजीच्या हातात देईना. पुढे अंगणवाडीत दारू सोडवणाऱ्या एका संस्थेच्या मुली आल्या, त्यांनी कोंडीचं नाव लिहून घेतलं. आमच्या रोहिणीताई फोनवर बोलतील, म्हणाल्या. कोंडीकडे फोन नव्हता आणि वाडीत रेंज नव्हती. मग संस्थेने तिची जोडी लावून दिली. भिसेगावात एक बाई आहेत, त्यांच्याकडे फोन आहे, आणि त्यांनाही याच कामात सोबत हवी आहे. ताई आठवड्यातून एकदा बोलतील, बाकीचे दिवस दोघींनी एकमेकींना धरून राहायचं.

चारुलता गुप्ते म्हणजे अर्ध्या कर्जतच्या मुलींना गणित शिकवलेल्या बाई. पहिल्या दिवशी त्यांनी मागचं दार बोटभर उघडलं आणि कुजबुजत विचारलं, "लोक विचारतील तू कोण. भांडेवाली म्हणून सांगितलं तर चालेल का गं तुला?"

"चालंल की. पर भांडी मी नाय घासायची."

बाई इतक्या हसल्या की त्यांना दाराला धरावं लागलं. कोंडीलाच मग शंका आली, की ही आजही घेऊन बसली हाय का काय.

तेव्हापासून तसंच ठरून गेलं. कोंडी खुर्चीत बसून रोहिणीताईंशी बोलायची, आणि शेजारच्या इंदूबाईंना ते ऐकू जाऊ नये म्हणून बाई नळ मोठा सोडून घासलेलीच भांडी पुन्हा आपटायच्या. मग कोंडी मागच्या पायरीवर जाऊन बसायची आणि बाई दार लावून बोलायच्या. शेवटचा अर्धा तास सगळ्यांचा असायचा. पडद्यावर आणखी तीन चौकोन यायचे. त्यातली मोहोपाड्याच्या कॉलनीतली एक तोंड दाखवत नसे, तिच्या चौकोनात नुसता छताचा पंखा फिरायचा. "आज पंखा सावकाश हाय गं, बरं नाय का?" असं कोंडी विचारायची, आणि पंख्याखालून हसू यायचं. त्या अर्ध्या तासात कोणी कोणाला सल्ला द्यायचा नाही, आपलं तेवढं सांगायचं. वाडीत कोंडीला सल्ला द्यायला सगळे होते. ऐकून घ्यायला कोणी नव्हतं.

"मावशी, या दोन बरण्यापण घ्या." अबोलीने काचेच्या दोन बरण्या सिंकजवळ ठेवल्या. "आईने यात चिंचोके भरून ठेवले होते. कशाला, कोण जाणे. मी सकाळी मागे आंब्याच्या खड्ड्यात टाकले, नाहीतर किडे झाले असते."

कोंडीचा हात पाण्याखाली तसाच राहिला.

ते चिंचोके तिनेच आणले होते. बिनदारूच्या एका दिवसाला एक चिंचोका, दर गुरुवारी दोघींनी सात सात टाकायचे. घसरलं, तर दुसरीच्या समोर आपली बरणी आपल्या हाताने रिकामी करायची आणि पुन्हा एकापासून. हे रोहिणीताईंनी सांगितलेलं नव्हतं, दोघींचं दोघींनी ठरवलं होतं. कोंडीच्या बरणीत तीनशे एक झाले होते. बाईंच्या एकशे पाच. बाईंची एकदा रिकामी झाली होती, दिवाळीनंतर. अबोली दोन दिवस येऊन गेली आणि घर पुन्हा गप्प झालं, त्या संध्याकाळी. पुढच्या गुरुवारी बाईंनी बरणी उपडी केली तेव्हा चिंचोके टेबलावरून घरभर उडाले, आणि दोघी गुडघ्यांवर रांगत ते वेचत होत्या. "शंभर झाले की अबोलीला सांगेन," बाई टेबलाखालून म्हणाल्या होत्या. शंभर झाले. मग म्हणाल्या, सव्वाशे होऊ देत.

कोंडीने बरण्या घासल्या. आधी बाईंची, मग आपली. आत काही नव्हतंच, तरी हात घालून तळापर्यंत घासल्या आणि ओट्यावर उपड्या घातल्या. तिच्या पदराच्या गाठीत चौदा चिंचोके होते, दोन आठवड्यांचे. ते आता कशात टाकायचे? बरणी तर रिकामी झाली. आपल्या हाताने नाही झाली, पण झाली. मनात कोणीतरी अगदी समजुतीने म्हणालं, झालीच हाय रिकामी, तर मंगळवारी घे. बुधवारी पयल्यापासून धर. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. असा आवाज आला की बाईंना सांगायचं, असं ठरलेलं होतं.

मागच्या गुरुवारी ती आली होती ती फाटकापर्यंतच. बाहेर चपलांचा ढीग. इंदूबाईंनी कुंपणावरूनच सांगितलं, "अगं, बाई गेल्या शुक्रवारी. मेंदूत रक्तस्राव. तू आता तेराव्यानंतर ये, सध्या कामाला माणसं आहेत." कोंडी बरं म्हणाली आणि टमटमच्या नाक्यावर येऊन बसली. आठवड्यातून एकदा भांडी घासायला येणारी बाई मालकिणीसाठी किती रडते, याचा तिने विचार केला, आणि मग तेवढंही रडली नाही. वाडीतही कोणाला सांगितलं नाही. काय सांगणार? तिची कोण लागत होती?

"चहा घ्या," अबोली म्हणाली. कोंडीने सवयीने टेबलाजवळची खुर्ची ओढली, मग ध्यानात येऊन परत सरकवली आणि भिंतीशी खाली बसली. अबोलीने ते पाहिलं. जरा वेळाने म्हणाली, "इंदूबाई उगीच बोलतात. तुम्ही तर आवाजच करत नाही भांड्यांचा."

कोंडी चहावर फुंकर घालत राहिली.

"मी परवा निघतेय. घर बंदच राहील." अबोली आपल्या कपाकडे बघत होती. "आई शेवटी तुमच्याशी काही बोलली का हो? म्हणजे, माझ्याशी रोज फोन व्हायचा. जेवलीस का, जेवले. झोपलीस का, झोपले. एवढंच."

कोंडीच्या ओठांवर ते सव्वाशे आले. ते सांगणं बाईंचं होतं. आणि बाई एकशे पाचवर गेल्या.

"भाजीचं बोलायच्या," ती म्हणाली.

फ्रिजवर चार्जिंगला लावलेला बाईंचा फोन वाजला. अबोली उठली. "रोहिणी? ही कोण रोहिणी?" तिने फोन घेतला, पडद्यावर चष्मा लावलेला एक चेहरा आला आणि समोर अनोळखी माणूस पाहून थांबला.

"नमस्कार. कोंडीताई आहेत का तिथे?"

"हा माझ्या आईचा फोन आहे. आई गेली, तेरा तारखेला. आपण कोण?"

रोहिणीताईंनी चष्मा काढला, पुन्हा लावला. "फार वाईट झालं," त्या म्हणाल्या. "मी कोण, ते कोंडीताईंना विचारल्याशिवाय मला सांगता येणार नाही. रागावू नका. त्यांना फोन देता?"

अबोली वळली. भांडेवालीला 'कोंडीताई' म्हणणारी, तिची परवानगी मागणारी ही कोण, ते तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. कोंडी उठून उभी राहिली. कॉल हवा तर आता बोलणं भाग होतं. तिने अर्धं सांगितलं.

"मी प्यायची, ताई. लई प्यायची. या ताई फोनवर बोलून सोडवतात. माज्याकडं फोन नाय, म्हणून तुमच्या आईकडं यायची. बाईंनी मला सोडवली."

अबोली खुर्चीत बसली. चौदा दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. "आई तशीच होती," ती म्हणाली. "शाळेतल्या नापास मुलींना घरी बोलवायची, पोहे करून घालायची. आणि बघा ना, मला एका शब्दाने बोलली नाही."

कोंडीने मान हलवली. अबोलीला बरं वाटलेलं तिला दिसत होतं, आणि त्याच वेळी आपल्या पायाखालचं काहीतरी सरकलेलंही कळत होतं. इतके दिवस ती एका जोडीतली अर्धी होती. एका वाक्यात ती नापास मुलींच्या रांगेत जाऊन बसली होती, आणि बसवलं होतं तिचं तिनेच.

"बोला तुम्ही, बोला," म्हणत अबोलीने फोन ओट्यावर त्या उपड्या बरण्यांना टेकवून उभा केला. बाईही तिथेच टेकवायच्या. मग तिचा हात बरणीवरच थांबला. "आणि ते चिंचोके?"

"दिसाला एक. प्यायली नाय त्या दिसाला."

"आणि मी टाकून दिले."

"तुमाला काय ठावं, ताई."

अबोलीने हात काढला नाही. नळाचा एक थेंब पडला, मग आणखी एक. "मावशी," ती हळू म्हणाली, "बरण्या दोन होत्या."

कोंडीने घासणीकडे पाहिलं.

"दोन्हींत होते," अबोली म्हणाली. "एकीत जास्त, एकीत कमी."

"ते मी नाय सांगायची, ताई."

अबोली रडेल असं कोंडीला वाटलं. ती रडली नाही. ती सिंककडे बघत होती, मग मागच्या दाराकडे, मग भिंतीशी राहिलेल्या कोंडीच्या चहाच्या कपाकडे. "दिवाळीत मी आले होते," ती म्हणाली. "दोन दिवस."

कुंपणापलीकडून इंदूबाईंची हाक आली. "अबोली, आली का गं तुमची ती भांडेवाली? गुरुवार असून आज आवाज नाही तो!"

अबोली जागची हलली नाही. तिने एकदा कोंडीकडे पाहिलं. तिला काय काय कळलं ते कोंडीला तिच्या नजरेत दिसलं, आणि त्यातलं काहीच परत घेण्यासारखं नव्हतं.

"आलीय हो!" अबोलीने मोठ्याने ओ दिली. तिने खुर्ची ओढून फोनसमोर ठेवली. "बसा," ती म्हणाली. मग सिंकपाशी गेली, नळ मोठा सोडला आणि घासून ठेवलेल्या राशीतली ताटं एकेक करून आत आपटायला लागली.

कोंडी बसली. आवाज तसा नव्हता. बाई ताट सोडायच्या, त्यावर दोन वाट्या, मग जरा थांबून चमचे, आणि मधेच तिच्याकडे बघून डोळे मिचकावायच्या. ही नुसतीच आपटत होती, ताटावर ताट, थांबायचं कुठे ते माहीत नसल्यासारखी. कोंडीने मागे वळून पाहिलं नाही. पदराची गाठ सोडली, फोन एका हाताने धरून आपली उपडी बरणी सरळ केली आणि चौदा चिंचोके आत टाकले. तळसुद्धा झाकला नाही.

"कोंडीताई," रोहिणीताई म्हणाल्या, "मंगळवारी होळी आहे. मागच्या वेळी आपण ठरवलं होतं, तुम्ही बाईंकडे येऊन राहाल म्हणून."

"व्हय."

"मग आता मंगळवारी सोबत कोण आहे?"

कोंडीने आठवून पाहिलं. वाडीतलं एकेक घर, सुनिताचं दार, टमटमचा नाका, पडद्यावरचा तो पंखा.

"कोनी नाय," ती म्हणाली.

मागे भांड्यांचा आवाज थांबला. नळ मात्र तसाच चालू राहिला.